चिठ्ठी आहे, औषध नाही : कॅनडातील नवागतांच्या औषधांचा इतिहास

१/
जानेवारी १९२२, टोरांटो. लिओनार्ड थॉम्पसन हा १४ वर्षांचा मुलगा मधुमेहाने अस्थिपंजर होऊन रुग्णालयात पडला होता. त्या काळी लहान वयात मधुमेह जडणे म्हणजे मृत्यूची वाट पाहणे असे. ११ जानेवारीला त्याला एका नव्या अर्काचे इंजेक्शन देण्यात आले. ते फारसे लागू पडले नाही. अर्क अधिक शुद्ध करून २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन दिले, आणि मुलगा सावरू लागला. त्या अर्कालाच आज आपण इन्सुलिन म्हणतो.

२/
या शोधामागे फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जेम्स कॉलिप आणि त्यांना प्रयोगशाळा देणारे प्राध्यापक मॅक्लाउड होते. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्सुलिनचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलर घेऊन देऊन टाकले. प्राण वाचवणाऱ्या औषधावर कुणा एकाची मक्तेदारी होऊ नये, हा त्यामागचा हेतू. कॅनडा या गोष्टीचा आजही अभिमान बाळगतो.

३/
आता ९० वर्षे पुढे येऊ. २००१ साली अफगाणिस्तानातून आश्रय मागण्यासाठी कॅनडात आलेला एक मनुष्य. त्याचा अर्ज फेटाळला गेला. परंतु अफगाणिस्तानातील परिस्थिती पाहून कॅनडाने तिकडे माणसे परत पाठवणे थांबवले होते, म्हणून तो तेथेच राहिला. तुटपुंज्या कमाईवर जगत होता. त्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह होता, म्हणजे इन्सुलिन थांबले की जीवन थांबले. २०१२ च्या उन्हाळ्यात सरकारने त्याच्या इन्सुलिनचा खर्च देणे बंद केले.

४/
एका वस्तीतील आरोग्यकेंद्राने औषध कंपनीकडून मोफत मिळणारे इन्सुलिन त्याला दिले, म्हणून तो तगला. इन्सुलिनच्या जन्मभूमीत हे का घडले? उत्तरासाठी जवळजवळ १८० वर्षे मागे जावे लागते. नव्याने आलेल्या माणसाच्या आजाराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी या इतिहासात आलटून पालटून दिसतात. एक विचारते, ‘याच्यापासून आम्हाला काय धोका?’ दुसरी विचारते, ‘याला काय होते आहे?’ आजच्या धाग्यात या दोन प्रश्नांचा माग काढू.

५/
पहिला प्रश्न जुना आहे. १८३२ साली युरोपात पटकीची साथ होती. जहाजांतून येणाऱ्या स्थलांतरितांना क्वेबेक शहराच्या अलीकडेच अडवता यावे म्हणून सेंट लॉरेन्स नदीतील ग्रोस ईल बेटावर विलगीकरण केंद्र उभारले गेले. १८४७ साली आयर्लंडच्या दुष्काळातून पळालेले हजारो लोक तेथे उतरले. त्यांच्यात टायफस ज्वर पसरला होता. त्या एका वर्षात ५,००० हून अधिक माणसे त्या बेटावर पुरली गेली. बेटावर शुश्रूषा करताना डॉक्टर, परिचारिका आणि धर्मगुरूही दगावले, हेही नोंदवले पाहिजे.

६/
तरी त्या केंद्राचा मूळ उद्देश किनाऱ्यावरच्या लोकांना वाचवणे हाच होता. आजारी माणूस तेथे प्रथम धोका होता, रुग्ण नंतर. विसाव्या शतकाच्या आरंभी या भीतीत खर्चाची भीती मिसळली. १९०६ आणि १९१० च्या स्थलांतर कायद्यांनी असे ठरवले की नवागत मनुष्य सार्वजनिक पैशावर जगू लागला तर त्याला मायदेशी परत धाडता येईल. १९३० नंतरच्या महामंदीत या तरतुदीखाली हजारो लोकांना कॅनडाबाहेर काढण्यात आले. अशा वेळी मदत मागणे हाच गुन्हा ठरू शकत होता.

७/
दुसरा प्रश्न सरकारी कागदावर यायला दुसरे महायुद्ध व्हावे लागले. युरोपातील विस्थापित छावण्यांतून माणसे कॅनडात येऊ लागली. पाठोपाठ १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतील उठाव चिरडला. तेथून पळालेल्यांपैकी सुमारे ३७,००० जणांना कॅनडाने अल्पावधीत सामावून घेतले. हातात पैसा नाही, भाषा येत नाही, नोकरी लागायची आहे. अशा माणसाला ताप आला, दात दुखला, अपघात झाला, तर खर्च कोणी करायचा?

८/
जून १९५७ मध्ये मंत्रिमंडळाने एक आदेश काढला. प्रवेशाच्या ठिकाणी दाखल झाल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंत, किंवा नोकरी मिळेपर्यंत सरकारच्या देखरेखीखाली असताना, ज्या स्थलांतरिताजवळ पैसा नाही त्याच्या वैद्यकीय, दंतवैद्यकीय आणि रुग्णालयाच्या खर्चाबरोबरच अनुषंगिक खर्चही आरोग्य खात्याने करावा, असे त्यात म्हटले होते. आदेश लहानसा होता. पण ‘तू आजारी पडलास तर परत जा’ या भूमिकेच्या जागी ‘तू आजारी पडलास तर आम्ही पाहू’ ही भूमिका राज्याने लिहून दिली होती.

९/
या आदेशाचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. तो संसदेने केलेला कायदा नव्हता. मंत्रिमंडळाने स्वतःच्या अधिकारात काढलेला तो आदेश होता. पुढे त्यातूनच जी योजना आकाराला आली तिचे नावही ‘अंतरिम संघीय आरोग्य योजना’ असे होते. ही ‘अंतरिम’ व्यवस्था अर्धशतकाहून अधिक काळ चालली. दीर्घ सवयीमुळे लोकांना तो हक्क वाटू लागला. कागदोपत्री मात्र ती सरकारची मर्जीच राहिली.

१०/
आता समांतर चाललेली दुसरी कथा पाहू, कारण औषधांचा पेच तिथे आहे. कॅनडाच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचे जगभर कौतुक होते. तिची सुरुवात सस्कॅचेवान प्रांतात झाली : १९४७ मध्ये टॉमी डग्लस यांच्या सरकारने रुग्णालयाचा विमा आणला, १ जुलै १९६२ पासून डॉक्टरांच्या सेवेचाही विमा सुरू झाला. त्याविरुद्ध डॉक्टरांनी २३ दिवस संप केला, पण योजना टिकली. संघीय पातळीवर १९५७ मध्ये रुग्णालय विम्याचा आणि १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेचा कायदा झाला. दोन्ही मिळून आजची व्यवस्था उभी राहिली.

११/
या इमारतीची एक खोली मात्र बांधायची राहून गेली. १९६४ साली न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने शिफारस केली होती की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधेही सार्वजनिक विम्यात घ्यावीत. रुग्णाने दर चिठ्ठीमागे केवळ १ डॉलर द्यावा. ती शिफारस बाजूला पडली. १९८४ च्या कॅनडा आरोग्य कायद्यातही रुग्णालयाबाहेर घ्यावयाच्या औषधांची हमी नाही. म्हणून डॉक्टर मोफत तपासतो, चिठ्ठी देतो, आणि ती चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानात गेलात की खिशात हात घालावा लागतो.

१२/
ही उणीव बहुतेकांनी वेगवेगळ्या मार्गांनी भरून काढली. चांगल्या नोकरीत असलेल्यांना मालकाकडून विमा मिळतो. वृद्धांसाठी आणि सामाजिक साहाय्यावर जगणाऱ्या गरिबांसाठी प्रांतांच्या औषधयोजना आहेत. क्वेबेकने १९९७ पासून प्रत्येक रहिवाशाला औषधविमा सक्तीचा केला. परंतु या सर्व वाटा स्थिरावलेल्या माणसासाठी आहेत. नुकताच विमानातून उतरलेला मनुष्य या फटीत नेमका अडकतो : नोकरी नवी किंवा कंत्राटी, विमा नाही, आणि प्रांताच्या यादीत नाव अजून चढलेले नाही.

१३/
नाव चढायलाही वेळ लागे. प्रांतांनी नवागतांसाठी जास्तीत जास्त ३ महिन्यांची प्रतीक्षा ठेवावी, अशी मुभा कायद्यातच आहे. ऑन्टारिओने १९९४ मध्ये ही प्रतीक्षा लागू केली आणि मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, ती उठवली. आपल्यापैकी कुणाचा भाऊ, कुणाची मैत्रीण त्या काळात कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर टोरांटोला गेली असेल, तर पहिल्या तिमाहीसाठी खासगी विमा घेण्याची आणि बॅगेत औषधांची पाकिटे भरण्याची लगबग त्यांनी अनुभवली असेलच.

१४/
औषधाची किंमत प्रवेशाच्या दारातही आड येऊ शकते. कॅनडाच्या कायद्यानुसार, ज्याच्या आजारामुळे सार्वजनिक आरोग्यसेवेवर ‘अवाजवी भार’ पडेल अशा अर्जदाराला स्थलांतर नाकारता येते. २०१८ मध्ये या भाराची मर्यादा कॅनडातील सरासरी खर्चाच्या तिप्पट करण्यात आली, तेव्हा अनेक अपंग मुलांच्या कुटुंबांची वाट मोकळी झाली. निर्वासितांना मात्र २००२ मध्ये अमलात आलेल्या कायद्यापासूनच या अटीतून वगळले आहे. जिवाच्या भीतीने पळालेल्याला ‘तुझ्या गोळ्या महाग आहेत’ असे सांगू नये, हे त्यामागचे तत्त्व.

१५/
निर्वासितांच्या बाबतीत कॅनडाने खरोखर नाव कमावले होते. १९७९-८० मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून सुमारे ६०,००० लोक आले. त्यांच्यातील निम्म्याहून अधिक जणांचा भार सरकारने नव्हे, तर चर्च, शेजारी आणि मित्रमंडळींच्या गटांनी उचलला. १९७६ च्या कायद्याने अशा खासगी प्रायोजकत्वाची सोय केली होती. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे नान्सेन पदक कॅनडाच्या जनतेला मिळाले. हे पदक एखाद्या देशाच्या संपूर्ण जनतेला देण्याचा तो एकमेव प्रसंग मानला जातो.

१६/
१९८५ चा एक निकालही येथे महत्त्वाचा आहे. आश्रयाचा अर्ज तोंडी सुनावणीविना फेटाळला म्हणून काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्यात भारतातून आलेले शीख होते. न्यायालयाने सांगितले की हक्कसनदेतील ‘प्रत्येक व्यक्ती’ या शब्दांत कॅनडाच्या भूमीवर असलेला प्रत्येक मनुष्य येतो, मग तो नागरिक असो वा नसो. ४ एप्रिल हा त्या निकालाचा दिवस तेथे ‘निर्वासित हक्क दिन’ म्हणून पाळला जातो. २०१४ च्या निकालाची वाट या निकालाने सुकर केली.

१७/
दरम्यान अंतरिम योजना रुळली होती. १९९५ मध्ये ती आरोग्य खात्याकडून नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याकडे गेली. निर्वासित, आश्रयार्थी, आणि अर्ज फेटाळला जाऊनही अद्याप परत न गेलेली व्यक्ती, अशा सर्वांना त्यातून डॉक्टर, रुग्णालय, औषधे आणि थोडी दंत-नेत्रचिकित्सा मिळे. मोजमाप साधे होते : सामाजिक साहाय्यावरील कॅनडियन गरिबाला प्रांत जे देतो, साधारण तेवढेच. चैन नव्हे, पण मधुमेह्याला इन्सुलिन आणि दमेकऱ्याला पंप मिळण्याची खात्री होती.

१८/
२५ एप्रिल २०१२ रोजी स्थलांतरमंत्री जेसन केनी यांनी घोषणा केली की १९५७ चा आदेश रद्द करून ३० जूनपासून नवा आदेश लागू होईल. कारणे तीन दिली गेली. पाच वर्षांत सुमारे १० कोटी डॉलर वाचतील. मोफत उपचारांच्या मोहाने खोटे अर्ज करणाऱ्यांना आळा बसेल. आणि तिसरे, सर्वांत परिणामकारक : करदात्या कॅनडियन माणसाला जे मिळत नाही, ते निर्वासिताला का मिळावे?

१९/
या तिसऱ्या युक्तिवादाची टिंगल करून चालणार नाही. विमा नसलेला कॅनडियन मजूर औषधाचे पैसे खरोखरच स्वतः भरत होता, आणि त्याची चीड खरी होती. पण त्या चिडीचे मूळ १९६४ पासून न बांधलेल्या खोलीत होते. निर्वासिताच्या गोळ्यांत नव्हते. शिवाय तुलनाही सदोष होती. निर्वासिताची बरोबरी करायची तर ती कफल्लक कॅनडियन माणसाशी करायला हवी, आणि त्या माणसाला प्रांताकडून औषधे मिळत होती. एका वंचिताला दुसऱ्या वंचिताकडे बोट दाखवायला शिकवणे हे राजकारणाचे जुने तंत्र आहे.

२०/
नव्या आदेशाने माणसांच्या उतरंडी केल्या. सरकारने स्वतः आणलेल्या निर्वासितांची औषधे शेवटच्या क्षणी वाचली. त्याखालच्या पायरीवर खासगी प्रायोजकत्वाने आलेले निर्वासित आणि बहुतेक आश्रयार्थी : त्यांना डॉक्टर आणि रुग्णालय मिळे, पण औषध बहुधा नाही. सर्वांत खाली ‘सुरक्षित’ ठरवलेल्या देशांतील आश्रयार्थी आणि अर्ज फेटाळले गेलेले लोक : त्यांना औषध नाही आणि डॉक्टरही नाही. म्हणजे दमा असलेल्या मुलाला डॉक्टरांनी तपासावे, चिठ्ठी लिहावी, आणि आईने ती घडी करून पिशवीत ठेवावी.

२१/
‘बहुधा नाही’ यातला अपवाद कोणता, हे पाहणे सर्वांत बोधप्रद आहे. ज्या आजाराने सार्वजनिक आरोग्याला किंवा सुरक्षेला धोका असेल, त्याचे औषध सर्वांना मिळणार होते. क्षयरोग असेल तर औषध आहे. मधुमेह असेल तर नाही, कारण मधुमेह कुणाला लागत नाही. मनोविकारामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर औषध आहे. धोका केवळ स्वतःच्या जिवाला असेल तर नाही. ग्रोस ईल बेटावरचा १८३२ चा प्रश्न २०१२ च्या सरकारी तक्त्यात पुन्हा अवतरला होता.

२२/
इतिहासाचा आणखी एक वेढा पाहा. डिसेंबर २०१२ मध्ये ‘सुरक्षित’ देशांची पहिली यादी निघाली, आणि तिच्यात हंगेरी होता. त्या वर्षांत हंगेरीतून वांशिक छळाची तक्रार घेऊन येणारे प्रामुख्याने रोमा समाजाचे होते. १९५७ चा आदेश निघाला तेव्हा ज्या देशाचे निर्वासित कॅनडाने हजारोंनी स्वीकारले होते, त्याच देशाचा आश्रयार्थी आता सर्वांत खालच्या पायरीवर उभा होता. पुढे मे २०१९ मध्ये त्या यादीतून सर्व देश काढून टाकण्यात आले.

२३/
याविरुद्ध सर्वप्रथम उभे राहिले डॉक्टर. १९६२ साली सार्वजनिक विम्याविरुद्ध संप करणाऱ्या व्यवसायातील लोक ५० वर्षांनी गरिबांच्या विम्यासाठी रस्त्यावर आले. मे २०१२ मध्ये टोरांटोत पांढरे कोट घातलेल्या डॉक्टरांनी एका केंद्रीय मंत्र्याच्या कार्यालयात ठिय्या दिला. १८ जूनला देशभर निदर्शने झाली. त्यांचे म्हणणे व्यावहारिकही होते : रक्तदाबाची स्वस्त गोळी नाकारली की रुग्ण पक्षाघात होऊन आणीबाणीच्या कक्षात येतो, आणि तो खर्च कुणाला तरी करावाच लागतो.

२४/
झालेही तसेच, भार खाली सरकला. क्वेबेकने लगेच, तर ऑन्टारिओने जानेवारी २०१४ पासून स्वतःच्या तिजोरीतून बराचसा खर्च उचलला. सस्कॅचेवानमध्ये कर्करोग झालेल्या एका आश्रयार्थ्याच्या औषधांचा प्रश्न आला, तेव्हा केनी यांच्याशी राजकीय जवळीक असलेले प्रांताचे मुख्यमंत्री ब्रॅड वॉल यांनीही उघड नाराजी व्यक्त केली. दवाखान्यांत गोंधळ इतका होता की ज्यांना सेवा मिळायला हवी होती त्यांनाही परत पाठवले जाई, कारण कोण कोणत्या पायरीवर आहे हे खिडकीवरच्या कारकुनाला कळत नसे.

२५/
फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्वासितांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांची संघटना, वकिलांची संघटना आणि मुलांच्या हक्कांसाठी लढणारी एक संस्था संघीय न्यायालयात गेल्या. सोबत काही रुग्णही होते. आरंभी उल्लेखलेला अफगाण मनुष्य त्यांतला एक. ४ जुलै २०१४ रोजी न्यायमूर्ती अ‍ॅन मॅक्टाव्हिश यांनी निकाल दिला : ही कपात ‘क्रूर आणि असाधारण वागणूक’ आहे, म्हणून हक्कसनदेच्या १२ व्या कलमाचा भंग करते, आणि देशपरत्वे भेद करते, म्हणून १५ व्या कलमाचाही.

२६/
१२ वे कलम सहसा तुरुंग, फटके, अमानुष शिक्षा यांच्या संदर्भात येते. औषध काढून घेण्याला ते लागू करणे ही मोठी झेप होती. न्यायालयाचा तर्क असा : सरकारने एका असाहाय्य, गरीब गटाला जाणूनबुजून निवडले, आणि त्यांचे जीवन कठीण केले की ते लवकर परत जातील व इतर येणार नाहीत, अशी अपेक्षा ठेवली. मुलांवरचा परिणाम विशेष गंभीर मानला गेला. पैसे वाचतात किंवा खोटे अर्ज थांबतात, याचाही भरवशाचा पुरावा सरकारला देता आला नाही.

२७/
पण निकालाची दुसरी बाजू अनेकजण विसरतात. याचिकाकर्त्यांनी जीविताच्या हक्काचाही, म्हणजे ७ व्या कलमाचाही आधार घेतला होता. तो न्यायालयाने मान्य केला नाही. सरकारने आरोग्यसेवा पुरवलीच पाहिजे असा हक्क सनद देत नाही, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट केले. अर्थ असा की, दिलेले औषध क्रूर हेतूने हिरावून घेता येणार नाही. मात्र मुळात औषध मिळण्याचा हक्क आहे, असे कुणीही म्हटलेले नाही.

२८/
सरकारने अपील केले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये योजना अंशतः पूर्ववत केली. मुले आणि गरोदर स्त्रियांना औषधे पुन्हा मिळू लागली. ऑक्टोबर २०१५ च्या निवडणुकीत सत्तापालट झाला, नव्या सरकारने अपील मागे घेतले, आणि १ एप्रिल २०१६ पासून योजना पूर्णपणे परत आली. तेव्हा सीरियातून हजारो कुटुंबे कॅनडात उतरत होती. ही योजना परत आली तीही सरकारी निर्णयानेच. जी लेखणी काढून घेते, तीच परत देते.

२९/
आणि तीच पुन्हा उचलली जाऊ शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषधयोजनेचा कायदा झाला, आणि त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी मधुमेहाची औषधे आणि गर्भनिरोधके निवडली गेली. १९६४ च्या त्या राहिलेल्या खोलीची एक भिंत ६० वर्षांनी उभी राहिली, असे म्हणता येईल. परंतु २०२५ च्या अर्थसंकल्पात असेही जाहीर झाले की अंतरिम योजनेतील निर्वासितांनी आणि आश्रयार्थ्यांनी औषधांसारख्या पूरक सेवांच्या खर्चाचा काही भाग यापुढे स्वतः द्यावा. एकाच देशात दोन दिशांना दोन पावले.

३०/
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून या कथेतून काय घ्यावे? आपण बहुतेक वेळा मोठे कायदे, मोठी भाषणे, मोठे निकाल वाचतो. येथे मात्र हजारो माणसांचे जगणे अर्ध्या पानाच्या एका आदेशावर आणि त्यातील ‘अनुषंगिक खर्च’ अशा दोन शब्दांवर ५५ वर्षे टेकून होते. कुणाला वाटलेही नाही की त्याचा कायदा करून ठेवावा. चांगल्या काळात दिलेली सवलत चांगल्या काळातच कायद्यात बांधून घ्यावी लागते. वाईट काळ आल्यावर ते जमत नाही.

३१/
आणि एखाद्या देशाची नवागतांबद्दलची खरी भूमिका शोधायची असेल तर विमानतळावरची स्वागताची पाटी वाचून थांबू नका. औषधांच्या दुकानाच्या खिडकीपाशी उभे राहा. चिठ्ठी पुढे सरकवली जाते, पलीकडचा माणूस संगणकावर नाव तपासतो, आणि क्षणभर थांबून काहीतरी सांगतो. तो काय सांगतो, ते त्या देशाने त्या वर्षी दोनपैकी कोणता प्रश्न विचारायचे ठरवले आहे, यावर अवलंबून असते.

धागा येथे संपतो. ग्रोस ईल बेटावरील १८४७ च्या वर्षाबद्दल स्वतंत्र धागा पुढच्या आठवड्यात.